सावळागुरुजींची भोवळ

सावळा आमच्या शाळेत आला तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि पोरांना शिकवणं मला मनापासून आवडत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. सूर्यमाळच्या पठाराअलीकडच्या एका पाड्यावर कुडाच्या भिंतींची नवी शाळा उघडली होती आणि मी जव्हारहून तिथे मुख्य गुरुजी म्हणून गेलो होतो. मुख्य म्हणजे एकटाच. पहिली दोन वर्षं घरोघर फिरून मी पोरं गोळा केली. ती येत, उभी राहून नमस्ते म्हणत, पाढे म्हणत आणि सुट्टी झाली की रानात पळून जात. शाळा म्हणजे एवढंच, असं मला वाटे.

मग जूनमध्ये दुसरे गुरुजी म्हणून सावळा आला. मोखाड्याकडचाच, कोकणा जमातीच्या घरातला, तेवीस वर्षांचा. ट्रेनिंग झालेलं नाही, नुसता सातवीची फायनल पास. पहिल्याच आठवड्यात त्याने फळा उचलून आंब्याखाली नेला आणि स्वतः मातीत बसला. पोरं त्याच्याभोवती गोल करून बसली. बेरीज त्याने करवंदांवर शिकवली. उत्तर बरोबर आलं की करवंदं खायची. तिकडे हसण्याचा आवाज झाला की माझ्या वर्गातली चौदा डोकी तिकडे वळत.

पोरं त्याच्यासाठी पानाच्या द्रोणातून काहीबाही आणत. एकदा तर जिवंत खेकडा आणला. मला दोन वर्षांत कुणी काही आणलं नव्हतं. मी खेकडा खात नाही, तरी तो खेकडा बरेच दिवस माझ्या डोक्यात चालत राहिला. कमू नावाची एक मुलगी होती. माझ्या वर्गात दोन वर्षं बसली, पण तोंडातून शब्द नाही. सावळ्याशी ती तिसऱ्या दिवशी बोलली. काय बोलली ते त्याने मला आनंदाने येऊन सांगितलं. मी हसलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी हजेरीपट मागायला मी त्याच्या खोलीवर गेलो. तो जमिनीवर आडवा पडला होता. दोन्ही तळवे भुईला घट्ट टेकलेले, जणू भुई निसटून जाणार होती. डोळ्यांची बुबुळं एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. कोपऱ्यात ओकारी पडलेली. मी आधी वास घेतला, हे कबूल करतो. दारूचा वास नव्हता.

थोडं थांबल्यावर त्याने सांगितलं. आधी डावा कान भरल्यासारखा होतो, आत रातकिडे ओरडू लागतात आणि मग घर फिरायला लागतं. दोन-तीन तास फिरतं, मग आपोआप थांबतं. भाद्रपदापासूनची ही तिसरी वेळ. तारपा वाजला की पूर्वी तो नाचाच्या फेरात सगळ्यांत पुढे असे. आता मेढीच्या खांबाला धरून बसून राहायचा. हे मी पाहिलं होतं. नोकरी लागली आणि फुगला, असं मला वाटलं होतं.

कुणाला सांगू नका, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं. त्याच्या अंगावर घोंगडी घातली आणि निघालो. परत येताना माझं पाऊल हलकं पडत होतं. याचीही कुठली तरी बाजू लंगडी आहे, एवढंच मनात होतं.

माघात दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. पाड्याचा म्होरक्या नवसू त्यांना घेऊन आला. साहेबांनी माझ्या वर्गाचे पाढे ऐकले आणि मान हलवली. मग आंब्याखाली गेले. तिथे पोरांनी काटक्यांनी जमिनीवर अख्खा पाडा काढला होता, ओहोळ, विहीर, प्रत्येकाचं घर. साहेब खाली वाकून बघत राहिले. माझ्या वर्गात ते वाकले नव्हते.

साहेबांनी काही विचारलं, सावळा उत्तर द्यायला उठला आणि तिरका गेला. त्याने झेंड्याचा खांब पकडला, खांबाला धरूनच खाली घसरला आणि साहेबांच्या बुटांजवळ ओकला.

दारूबंदीचे दिवस होते. सरकारी नोकर प्यायलेला सापडला की नोकरी गेली म्हणून समजायचं. साहेबांनी नवसूला विचारलं, हा पितो का?

नवसूने हात जोडले. "पितो कवा कवा, साहेब. आम्हीच देतो. पण माणूस बेस आहे."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. सावळा थेंबालाही शिवत नाही, हे नवसूला माझ्याइतकंच ठाऊक होतं. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, गुरुजी. तुम्ही त्याच्याबरोबर असता."

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. कान, रातकिडे, फिरणारं घर. पोरं खांबाजवळ गोळा झाली होती. कमूने सावळ्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं. मला ते दिसलं, आणि मी म्हणालो, "मी काही पाहिलेलं नाही, साहेब."

साहेबांनी शेरेबुकात सावळा प्यायलेला सापडल्याचा शेरा लिहिला आणि ते मोखाड्याला मुक्कामाला गेले. अहवाल सकाळच्या एसटीने त्यांच्याबरोबर जव्हारला जाणार होता.

संध्याकाळी मी नवसूला गाठलं आणि खोटं का बोललास म्हणून विचारलं. तो चुलीपुढे बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने सगळं सांगितलं. ताप नाही, जखम नाही आणि माणूस गरागरा फिरून पडतो, असं पाड्यात कळलं की भगताला बोलावतात. भगत तांदळाचे दाणे मांडतो आणि दाण्यांतून चेटूक करणाऱ्या कुणाचं तरी नाव निघतं. गेल्या साली एक पोर दगावलं तेव्हा गोजाबाईचं नाव निघालं होतं. एकटी म्हातारी, वाटेच्या कडेला राहणारी. तिचं खोपट जाळायला माणसं निघाली होती, ती नवसूने कशीबशी परत फिरवली. पुन्हा नाव निघालं तर त्याचं कोणी ऐकणार नव्हतं. सावळ्यालाही हे माहीत होतं, म्हणून तो आजार लपवत होता.

"दारू काय, सगळेच पितात," नवसू म्हणाला. "त्यात कुणाचं घर नाय जळत."

प्यायल्याने गुरुजीची नोकरी जाते, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

हा एका म्हातारीला वाचवायला खोटं बोलला होता. मी कुणाला वाचवायला गप्प बसलो होतो, ते मला स्वतःला सांगता येईना. वाटेत सावळ्याच्या खोलीत डोकावलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोरांना वेळेवर सोडलंत का, एवढंच त्याने विचारलं.

पहाटे उठून मी मोखाड्याची वाट धरली. साहेब डाकबंगल्याच्या ओट्यावर चहा पीत होते, ट्रंक बांधून तयार होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सावळ्याचा आजार, नवसूची भीती, गोजाबाईचं खोपट. साहेब ऐकत चहाचे घोट घेत राहिले. शेवटी म्हणाले, "हे काल का नाही बोललात?"

येताना डोंगर उतरता उतरता मी तीन कारणं जुळवून ठेवली होती. ती मी तिथेच टाकून दिली.

"पोरं त्याच्याभोवती बसतात, साहेब," मी म्हणालो. "माझ्यासमोर उभी राहतात."

साहेबांनी कप खाली ठेवला. अहवालाचा कागद काढून त्यावर काट मारली आणि वर लिहिलं की पंधरा दिवसांत डॉक्टरचा दाखला आणावा. मग तोच टाक हातात धरून मला म्हणाले की जव्हारच्या शाळेसाठी तुमची शिफारस करायची होती, आता राहू द्या, आणखी काही दिवस इथेच थांबा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सावळ्याला जव्हारच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले, डोळे मिटून उभं केलं, मान फिरवून पाहिली. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. गवंड्याच्या हातात पाणसळ असते ना, भिंतीचा थर समपातळीत आहे की नाही ते बघायची? तसं पाणी प्रत्येकाच्या कानात आत असतं. याच्या डाव्या कानातलं ते पाणी मध्येच बिघडतं, म्हणून उभं असलेलं घर याला फिरताना दिसतं. मीठ कमी कर, झोप पुरी घे, विहिरीच्या काठावर जाऊ नकोस, झाडावर चढू नकोस. भोवळ आली की जिथे असशील तिथे बस आणि न हलणाऱ्या एका गोष्टीकडे बघ. आणि भोवतीच्या माणसांना सांगून ठेव, लपवू नकोस.

पाड्यावर आल्यावर नवसूने सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं. गोजाबाई लांब, कुंपणाशी बसली होती. मी दाखला मोठ्याने वाचला. हा कानाच्या आतला आजार आहे. तो कुणालाही होतो. तो कुणी केलेला नाही.

"तसं कागदावर लिवलंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"लिहिलंय," मी म्हणालो.

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. नवसूने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वर्ग एकत्र घेतले. बाटलीत पाणी आणि चिमूटभर भुसा घालून ती गरागरा फिरवली आणि एकदम थांबवली. बाटली थांबली, आतला भुसा फिरतच राहिला. मग पोरांना जागच्या जागी गोल फिरायला लावलं आणि थांबा म्हटलं. ती धडाधडा पडली आणि हसत सुटली. सावळागुरुजींना न फिरता असं होतं, मी सांगितलं, आणि ते तुमच्यासारखं लगेच थांबत नाही. हसणं बंद झालं. इतका चांगला पाठ मी आयुष्यात घेतला नव्हता. आणि तो संपताच सगळी पोरं सावळ्याकडे धावली, असंच होतं का ते विचारायला.

पोरांनी शाळेच्या खांबावर एक मोठा खिळा ठोकून घेतला. सावळ्याला भोवळ आली की तो खाली बसून खिळ्याकडे बघे, आणि बावीस पोरं त्याच्याभोवती बसून, आवाज न करता, त्याच खिळ्याकडे बघत. एक जण पाणी आणी, एक जण ओकारीवर टाकायला राखेची टोपली. मी माझ्या वर्गाच्या दारात उभा राहून बघत असे. इतकी शांतता मला कधी छडी आपटूनही मिळाली नव्हती.

एकदा असंच चाललं असताना कमू उठून माझ्यापाशी आली. ती माझ्याशी आपणहून कधीच बोलली नव्हती.

"मोठे गुरजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला नाय येत का भोवळ?"

नाही, मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, बिचारे, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ती परत जाऊन आपल्या जागी बसली. तिच्या शेजारी थोडी जागा रिकामी होती. मी चपला काढल्या, तिथे जाऊन मातीत बसलो आणि खिळ्याकडे बघू लागलो.