गार्गीच्या शेजारची सीट

माझी शाळेपासूनची मैत्रीण गार्गी सिंगापूरला येणार हे कळल्यावर मी लॅबमधून चक्क सुट्टी घेतली. पीएचडीला आल्यापासून पहिल्यांदाच. तिला बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये खायला न्यायचं, तांजोंग पगारच्या जुन्या गल्ल्यांतून भटकायचं आणि कुठेतरी निवांत बसून एकच गोष्ट सांगायची: मला हे सगळं सोडून घरी परत यायचंय. आईबाबांना सांगायची हिंमत नव्हती. गार्गी 'ये' म्हणाली असती, तर त्यांच्याशीही बोलले असते.

पण बाईसाहेब आल्या सासूबाईंसोबत, पुण्याहून निघालेल्या टूरमधून. "ग्रुप सोडून कशी येऊ गं? आई काय म्हणतील? तूच ये ना आमच्या बसमध्ये!" टूर मॅनेजर विश्वास भला माणूस, त्याने हरकत घेतली नाही. सासूबाई, म्हणजे नंदाकाकू, पुढे आपल्या भिशीच्या मैत्रिणीजवळ जाऊन बसल्या आणि मला गार्गीच्या शेजारची सीट मिळाली. ज्या शहरात मी राहते, ते मी टूरची पिवळी टोपी घालून, विश्वासच्या शिट्टीच्या तालावर पाहिलं.

मर्लायनच्या पुतळ्यासमोर मी तोंड उघडलं, तर "थांब हं, आधी आईंचा फोटो." बागेत पुन्हा उघडलं, तर शिट्टी. नंदाकाकूंनी मात्र माझं मनगट धरून "काय गं, जेवतेस की नाही?" असं दरडावलं आणि पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. मला रडूच आलं. पुऱ्या फार तिखट आहेत असं सांगून वेळ मारून नेली.

शेवटी लिटल इंडियातल्या हॉटेलात, वरणभात जेवून झाल्यावर, हात धुताना गार्गी एकटी सापडली.

"गार्गी, मला नाही राहायचं इथे. रूमवर गेलं की बोलायला कुणी नसतं. मी परत येऊ?"

"चल, काहीतरीच! आमच्याकडे सगळे तुझं उदाहरण देतात." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खरंच म्हणतेयस? तुझ्या आईने मला मुद्दाम बघून यायला सांगितलंय, खूश आहे ना म्हणून. काय सांगू त्यांना?"

खरं ते सांग, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. गार्गीची नजर दाराकडे गेली आणि मला तिचा रागच आला.

"सांग, मजेत आहे."

"बघ, मला माहीतच होतं!" तिने मला घट्ट मिठी मारली. तिला केवढं हायसं वाटलं, ते त्या मिठीतच कळलं.

बस त्यांच्या हॉटेलवर जाणार होती, मी मेट्रोने माझ्या रूमवर. नंदाकाकू परत गार्गीच्या शेजारी येऊन बसल्या. बस सुटण्याआधी विश्वास माणसं मोजत नसे. तो ओरडायचा, "आपापला शेजारी बघा!" की जो तो शेजारच्याचा हात वर करून "आहे!" म्हणायचा. दिवसभर गार्गीने माझा हात वर केला होता. आता मी फुटपाथवर उभी होते.

"आपापला शेजारी बघा!"

"आहे!" सगळी बस ओरडली. काचेआड गार्गीने काकूंचा हात वर केला.

नकळत माझाही हात वर गेला होता. तिला वाटलं मी टाटा करतेय. तिनेही हसून टाटा केला, आणि बस निघाली.