सगळ्यांना जमेल अशी वेळ

ऑफिसात मला घड्याळबाई म्हणतात. पाच देशांतल्या लोकांना एकाच मीटिंगला बसवायचं, हे माझं काम. एकाची सकाळ, दुसऱ्याची संध्याकाळ, तिसऱ्याची जेवणाची सुट्टी, आणि प्रत्येकाला वाटतं सूर्य आपल्याच खिडकीतून उगवतो. तरी मी सगळ्यांना धरूनबांधून बसवते. घोडं अडतं ते घरी.

दादा एका देशात, धाकटी दुसऱ्यात, आणि मी मधली इथे अण्णांजवळ. दादा उठलेला आहे आणि धाकटी अजून झोपलेली नाही, अशी आठवड्यात एकच वेळ सापडते: रविवारी संध्याकाळी पाच. नेमके तेव्हाच अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलेले असतात. त्यांचे डोळे अधू झालेत, पण कान तिखट आहेत. आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी त्यांना कळतं.

साहेबांनी मला वर्षभरासाठी परदेशातल्या ऑफिसात वरच्या जागेवर नेमायचं ठरवलं. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगायची मला लाज वाटत नाही; इतकी वर्षं मी लोकांच्या सकाळी नुसत्या मोजल्या, त्यातली एक तरी मला बघायची होती. वर्षभर अण्णांना दोघांपैकी एकानं नेलं की झालं. दादाला विचारलं तर म्हणाला, धाकटीला विचार. धाकटी म्हणाली, दादा म्हणेल तसं. टोलवाटोलवीत दोघं लहानपणापासून पटाईत. त्यांना एकदमच गाठायला हवं होतं, आणि अण्णांच्या देखत 'यांना कोण नेतंय' असं विचारायला माझी जीभ रेटेना.

म्हणून शनिवारी मी अण्णांशी खोटं बोलले.

"दादाकडची घड्याळं तासभर मागं केलीत. उद्या फोन सहाला."

"मागं केली तर लवकर नको का?"

"नाही, उशिरा."

"तुला कळतं त्यातलं," अण्णा म्हणाले. "मग मी तोवर खाली फिरून येईन."

त्यांनी इतक्या सहज मान्य केलं की मला स्वतःचाच राग आला.

रविवारी शेजारच्या कंपाउंडरकाकांबरोबर अण्णा खाली गेले. पाचला दादा आणि धाकटी फोनवर आले. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"अरे वा, अभिनंदन," दादा म्हणाला. "पण उद्याच कळवायचं? त्यांची औषधं, इथली थंडी, असं तडकाफडकी कसं ठरवणार?"

"धाकटे, तू बोल."

"माझ्याकडे जागा कुठंय, ताई? तुला माहितीये ना."

"मग कोणाकडे आहे?"

मला वाटलं चित्र अडकलं, तेवढ्यात दादाची पापणी हलली.

"हे असं तुटक नको," तो म्हणाला. "एकदा नीट बसून बोलू. सगळ्यांना जमेल अशी वेळ तूच काढ. तुझं कामच आहे ते."

"माझे पुढचे तीन-चार रविवार सोडून हं," धाकटी म्हणाली. "आणि अण्णांना नमस्कार सांग."

दोघं गेले. मला रडू आलं नाही, संताप आला. माझी गैरसोय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती त्यांना दिसतही नव्हती. आणि ती सवय त्यांना लावली कोणी, तर मीच.

अण्णा सहाच्या आधीच वर आले. तोंड धुतलं, शर्ट बदलला, भांग पाडला आणि फोनसमोर बसले.

"आज त्यांना जमेलसं दिसत नाही," मी म्हटलं.

"वेळ नवीन आहे ना, घोटाळा झाला असेल. येतील."

खोटं मागं घ्यायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी त्यांच्या शेजारी बसले. काळ्या काचेत आम्हा दोघांचे चेहरे दिसत होते. मधेच त्यांनी फोनचा आवाज मोठा आहे ना ते तपासायला लावलं. मी तपासला. दिवेलागण झाली तरी ते उठेनात, आणि मलाही 'उठा' म्हणवेना.

बऱ्याच वेळानं त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"त्यांच्यावर चिडू नकोस," ते म्हणाले. "त्यांना सांग, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा करा. त्यांना हजार व्याप असतात." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आपलं काय, आपल्याला कुठं जायचंय?"

"कुठंच नाही," मी म्हटलं, आणि तिथेच बसून साहेबांना नकार कळवला.