तपासलं, पाठवायला हरकत नाही

जागा → एकच

खुर्च्या दोन होत्या, पण महिनाअखेरीला नोकरी एकीचीच राहणार, हे साहेबांनी सांगून टाकलं होतं. दोघी सख्ख्या बहिणी. ताई आठ वर्षं जुनी. धाकटीला तिनेच शब्द टाकून चिकटवली होती, आणि धाकटीचा हात भराभर चालू लागल्यापासून ताईला जेवण गोड लागत नव्हतं.

काम असं: तयार सॉफ्टवेअर लिनक्सच्या पॅकेजात बांधायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते आपसूक जागच्या जागी बसतं. त्यात लिंका असतात. लिंक म्हणजे बंद दारावरची पाटी: 'इथे कोणी राहत नाही, पलीकडे विचारा.'

पलीकडे घर असेल तोवर ठीक.

धाकटीची लिंक → धाकटीचंच घर

धाकटीला एक खोड होती. लिंक करताना ती स्वतःच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता ठोकून द्यायची. दोघींचं काम ऑफिसच्या एकाच मशीनवर चाले; तिथे सगळं सुरळीत, कारण फोल्डर तिथेच होतं.

नियम होता, एकीने बांधायचं, दुसरीने कोऱ्या मशीनवर बसवून बघायचं. ताईने बसवलं. लिंक लाल झाली. पाटी आहे, घर नाही.

ताईने चहा संपवला आणि लिहिलं: तपासलं, पाठवायला हरकत नाही.

"ताई" → "काय गं?"

"नीट बघितलंस ना? साहेब गिऱ्हाइकासमोर लावणार आहेत."

"अगं शहाणे, आठ वर्षं काय माश्या मारल्या मी?"

"तसं नाही गं. आणि मागच्या महिन्यात तुझ्या फोल्डरची जागा भरत आली होती ना, तेव्हा तुझं जुनं सगळं माझ्या फोल्डरात हलवलंय. तुला तिथल्या तिथेच दिसतंय ना?"

"दिसतंय, दिसतंय."

ताईचं लक्ष कुठे होतं? ती धाकटीच्या कानातलं बघत होती. ते ताईचं होतं.

गिऱ्हाईक → घड्याळ

पडद्यावर एकच ओळ: फाइल सापडत नाही. गिऱ्हाइकाने घड्याळ बघितलं.

"माझ्याकडे चालतंय हो!" धाकटी म्हणाली आणि अख्खी खोली हसली. ताई सगळ्यांच्या शेवटी हसली, जरा जास्तच.

"तुम्ही तपासलं होतं ना?" साहेबांनी ताईला बाजूला घेतलं.

"बहीण म्हणून डोळे झाकून लिहून दिलं, साहेब. चुकलंच माझं." तिने डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

"उद्यापासून तिला नको."

"आजच करू या. उगाच कशाला लांबवायचं? तिचं खातं मीच काढते."

धाकटी पिशवी भरत होती. दोन हातांच्या अंतरावर बसून ताईने तिचं खातं फोल्डरसकट पुसलं. खात्री आहे का, मशीनने विचारलं. हो.

"कानातलं ठेवून जा," ताई म्हणाली.

ताई →

सकाळी साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाचा विश्वास उडालाय. तुमची आठ वर्षांची सगळी पॅकेजं आज नव्याने बांधून दाखवा. नाही जमलं तर हा विभागच बंद."

ताईने ऐटीत आपलं फोल्डर उघडलं.

लाल. खालचं लाल. त्याखालचं लाल. दोनशे नावं, आणि प्रत्येकापुढे धाकटीच्या घराचा पूर्ण पत्ता.

बॅकअप! तिथेही नुसत्या पाट्याच जपलेल्या. तीन आठवड्यांपूर्वीचं काही उरत नसे. आणि कच्च्या नोकरीवाल्यांच्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा नाही, हा नियम कोणी केला होता? ताईनेच. धाकटी आली त्याच आठवड्यात.

तिने फोन लावला.

"बाळा, तू माझं जुनं हलवलं होतंस ना... एखादी प्रत असेल का गं तुझ्याकडे?"



"तपासताना माझी लिंक लाल झाली होती का, ताई? कोऱ्या मशीनवर?"

"...हो."

"कानातलं छान दिसत असेल तुला," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेब दारात आले. "झालं का हो?"

त्यांनी आधी रिकामी खुर्ची बघितली, मग भरलेली.