सूर धरणारा उकंडा

कापसाच्या हंगामात आमच्या चिखलीच्या उन्हाला लव फुटते. सरकी काढणाऱ्या जिनातून उडालेले तंतू हवेत तरंगत राहतात, आणि दिवस कलला की तिरप्या प्रकाशात असे उजळतात, जणू कुणी ऊनच पिंजून ठेवले आहे. त्या पिंजलेल्या उजेडात डोळे मिटून, गाल फुगवून बसलेला उकंडा मला आजही दिसतो. त्या दिवशी त्याच्या हातात सनई नव्हती. गाल मात्र फुगलेले होते.

उकंडा अमडापूरचा वाजंत्री. सनई वाजवायचा त्याचा थोरला भाऊ. उकंडा नुसता सूर धरायचा. भावाची सनई वळणे घेत, रुसत, लाडावत साऱ्या मांडवभर हिंडून यायची, तेव्हा तिच्या पाठीशी एकच एक अखंड षड्ज उभा असायचा, तो उकंडाचा. नाकाने श्वास ओढायचा, गालात साठवायचा आणि ओठांतला सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही, एवढीच त्याची चाळीस वर्षांची विद्या. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, कारण घराचे जोते कुणी पाहायला जात नाही. त्यांच्या घरात एक रीत होती: वाजवताना सूर तुटला, तर सूर धरणाऱ्याने त्या दिवशी जेवायचे नाही. पुढे भाऊ वारला. एकट्या सुराला लग्नाला कोण बोलावणार? उकंडाने आपली सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली आणि तो दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचू लागला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. मुंबईचा एक शास्त्रीय वाद्यवृंद आमच्या गावी येणार असे ठरले आणि गावाच्या प्रतिष्ठेला एकदम ताप चढला. जिनाचे आवार शेणाने सारवले गेले, सतरंज्या आल्या, पुढे खुर्च्या मांडल्या गेल्या. मी शाळामास्तर, म्हणून छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा होतो, आणि त्या बिल्ल्याचा मला, आता सांगायला लाज वाटते, भारी अभिमान होता. अमडापूरहून कापसाच्या गाडीवर बसून उकंडा आला तो धुतलेले धोतर नेसून. "भाऊ गेल्यापासून सनई आयकली नाही, गुरुजी. आज पोटभर आयकतो," असे म्हणून तो सतरंजीच्या अगदी कडेला बसला.

सतार, सरोद, व्हायोलिन, जलतरंग, पखवाज, आणि मधोमध सनई. इतकी वाद्ये एका श्वासाने बोलताना आम्ही कुणीच कधी ऐकली नव्हती. पण ऐकत होते कोण? पहिल्या रांगेत जिल्ह्याहून आलेले बडे साहेब बसले होते आणि सारे गाव त्यांच्या हातांकडे डोळे लावून होते. साहेबांनी टाळी वाजवली की शेजारी बसलेल्या, कार्यक्रम भरवणाऱ्या वकिलांनी वाजवायची, वकिलांनी वाजवली की अडत्यांनी, आणि मग ती लाट मागपर्यंत जायची. चूक होऊन हसे होण्यापेक्षा साहेबांच्या पाठोपाठ जावे, हा आमचा शहाणपणा. एकटा उकंडा साहेबांकडे पाहत नव्हता. सम अचूक आली की त्याच्या तोंडून आपसूक निघायचे, "हाव!" होकार असावा तसा. पुढच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, वकिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि मी ओठांवर बोट ठेवून उकंडाला गप्प केले. दाद देणाऱ्याला मी गप्प केले!

मग सूर्य टेकला. बाकी वाद्ये थांबली आणि सनईवाल्याने मारव्याचा एक स्वर लावला. तो स्वर वाढत गेला, मावळत्या उजेडासारखा, संपतो संपतो म्हणता न संपणारा. उकंडाचे गाल हळूहळू फुगले. नाकपुड्या त्या स्वराबरोबर हलू लागल्या. भाऊ गेल्यावर सहा वर्षांनी तो पुन्हा कुणाच्या तरी पाठीशी सूर धरून बसला होता.

आणि त्याच क्षणी साहेबांनी नाकासमोरचा डास मारला.

दोन्ही हातांनी मारला. चट् असा आवाज झाला. वकिलांनी लगोलग टाळी दिली, अडत्यांनी दिली, आणि बघता बघता सारे आवार कडकडून वाजू लागले. सनईवाला दचकला. त्याचा श्वास अडखळला आणि स्वर मधोमध तुटला.

उकंडा ताडकन उभा राहिला. असा संताप मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "काऊन वाजवता हो टाया? मानसाचा दम तं सरू द्या!"

"बस बे खाली!" वकील ओरडले. "तुले काय समजते यातलं? मास्तर, याले बाहेर काढा."

त्या गर्दीत ज्याला समजत होते असा एकच माणूस, आणि मी त्याचा दंड धरून त्याला फाटकाबाहेर नेले. साहेब रुमालाने हात पुसत होते.

फाटकाशी माझे मन मला खाऊ लागले. मी म्हणालो, "उकंडाजी, थांबा. कार्यक्रमानंतर पंगत आहे, जेवून जा."

"नाही, गुरुजी. सूर तुटला. आज जेवाचं नाही."

"पण तुम्ही कुठे वाजवत होता?"

"सूर कोनाचाई असो," तो म्हणाला. "मी बसेल होतो नं तिथं."

आणि तो चालू लागला. अमडापूरच्या रस्त्यावर कापसाच्या रिकाम्या गाड्या परतत होत्या. त्यांतल्या एकीवर तो पाठमोरा चढला आणि उरलेल्या उजेडात दिसेनासा झाला. आत वकील आभार मानत होते, रसिक चिखलीकरांचे.

पंगतीत बासुंदी होती. साहेब जेवले, वकील जेवले. मीही जेवलो, दोनदा वाढून घेतले.

उकंडाला जाऊनही आता फार वर्षे झाली. जिन बंद पडले, तरी कुठल्याशा सभागृहात अवेळी टाळ्या पडल्या की ते पिंजलेले ऊन माझ्यापुढे उभे राहते आणि त्यात त्याची रिकामी जागा दिसते. काळ पुष्कळ काही पचवतो म्हणतात. आम्ही तोडलेल्या सुरासाठी तो एकटा उपाशी राहिला, आणि त्या संध्याकाळची बासुंदी मला अजून पचलेली नाही.