आईला पोहायला पाणी

माझा नवरा प्रशील दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी तपासतो. ज्या पाण्यात पाण्याशिवाय काहीच नाही, ते त्याचं आवडतं. मला बघायला आला तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणून मोकळा झाला होता. समुद्रकिनारा निवडायला मात्र त्यानं दोन हिवाळे घालवले.

किनारा हवा होता त्याच्या आईसाठी, माझ्या सासूसाठी. द्रौपदाबाई तापीकाठच्या एका गावात, बौद्धवाड्यात वाढल्या. वाडा नदीच्या खालच्या अंगाला. वर गावाची गुरं धुऊन झाली की ते पाणी यांच्याकडे यायचं. त्यातच त्या पोहायला शिकल्या आणि पोरांना मागे टाकायच्या. सत्तरीला आल्यावर एकदा म्हणाल्या, मरायच्या आधी पुन्हा पोहायचं आहे. प्रशीलनं मनाशी धरलं, आईला आता उतरवायचं तर सगळ्यात स्वच्छ पाण्यात.

मग बेटांची छाननी सुरू झाली. अंदमानात एका किनाऱ्यावर पाणी नितळ, पण मगरीची पाटी. दुसरीकडे मगर नाही, तर बोटींची वर्दळ. लक्षद्वीप छान, पण परवान्याची भानगड. रोज जेवताना तो लोकांचे अभिप्राय वाचून दाखवायचा. कुणाला पाण्यात एक पिशवी तरंगताना दिसली की बेट बाद. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, मी म्हणायचे. तिकीट काढ म्हणून भांडलेसुद्धा. तो म्हणायचा, अजून एक बघतो.

आईंनी एकदाच विचारलं, "तठी वरच्या अंगाले कोन राह्यतं?"

समुद्राला वरचं अंग नसतं, त्यानं हसून सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही. मलाही हसू आलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी नळाला पाणी आलं म्हणून त्या घाईनं उठल्या आणि मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भुसावळला ऑपरेशन झालं. वॉकर धरून घरातल्या घरात चालतील, डॉक्टर म्हणाले, वाळू, लाटा, पोहणं विसरा. प्रशील औषधं आणायला म्हणून गेला तो कितीतरी वेळ आलाच नाही. मला त्याचा भयंकर राग यायला हवा होता. कीव आली, आणि तिचाही काही उपयोग नव्हता.

आईंना घरी आणलं तरी त्याची छाननी थांबेना. थांबणं त्याच्या हातातच राहिलं नव्हतं. एका दुपारी तो त्यांच्या खाटेशी बसला आणि मोबाईल पुढे धरला. पाण्याखालची वाळू दिसत होती, दूरवर एकही माणूस नव्हता. यात जराही घाण नाही आई, तो म्हणाला, शेवटी सापडलं.

आईंनी चष्मा मागून घेतला. नीट बघितलं आणि मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

"मले गढूय पानी चाललं असतं रे," त्या म्हणाल्या. "मले नुसतं पोह्याचं व्हतं."