नेहमीचा शब्द

नर्सिंग होस्टेलात आजवर सगळ्यांना मिळून वायफायचा एकच पासवर्ड होता आणि तो समोरच्या सलूनवाल्यालाही पाठ होता. म्हणून आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी खाली ऑफिसात कंट्रोलरपाशी, तो वर शिडीवर, मजल्यामजल्यावर छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटांपाशी. आता प्रत्येकीला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. पॉइंट नुसता दारावरचा शिपाई. कुणाला आत सोडायचं ते कंट्रोलर ठरवणार. मात्र या दोघांची आपसात ओळख पटायला एक गुप्त शब्द लागतो, दोन्हीकडे तंतोतंत तोच.

सकाळी गाडीतच भावाने सांगितलं होतं की त्याला दुसरीकडे नोकरी लागली, पुढच्या महिन्यापासून तो नसेल. "बरं," म्हटलं मी. गाडी चालवताना माणूस आणखी काय म्हणणार?

"शब्द कोणता टाकू?" त्याने वरून फोनवर विचारलं.

"नेहमीचा."

वॉर्डनबाईंनी मोबाइलवर आपलं नाव टाकून पाहिलं. नकार. पुन्हा टाकलं, पुन्हा नकार. "जुनंच बरं होतं," त्या म्हणाल्या. मी नावं तपासली, पॉइंटचे पत्ते तपासले, मनातल्या मनात भावाला चार शिव्या हासडल्या. गुप्त शब्द जुळत नव्हता. त्याला खाली बोलावलं.

"काय टाकलंस?"

"नेहमीचाच. तू?"

मी टाकलेला शब्द पडद्यावर उघडून दाखवला. शेपूट.

लहानपणी तो सारखा माझ्या मागे मागे, म्हणून घरात त्याला ताईचं शेपूट म्हणत. धंदा सुरू केला तेव्हा आमचा शब्द तोच होता. पुढे त्यानेच तो बदलला, असला शब्द कुणीही ओळखेल म्हणून. त्यालाही वर्षं झाली. आज माझ्या बोटांनी मला न विचारता कारभार केला.

तो पडद्याकडे बघत राहिला. "मी वर सगळीकडे हाच टाकून येऊ का?"

"कशाला? इथे एकाच जागी बदलायचंय."

जाऊ नकोस, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी शेपूट खोडलं आणि त्याने बदललेला नवा शब्द टाकला: अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं नियमाला धरून, अर्थ काहीच नाही.

"लागलं," वॉर्डनबाई म्हणाल्या.

भावाने शिडी खांद्यावर घेतली आणि तो गाडीकडे निघाला. वायरींची पिशवी उचलून मी त्याच्या मागे मागे.