माझ्या पोटात सूर्य मावळत नाही

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे आणि मला एका मुलीवर सूड उगवायचा आहे.

आत्मवृत्ताची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगायचा, मग कष्ट, मग कौतुक, मग अडगळ, आणि शेवटी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं. ते सगळं ओघात येईलच. पण सूड आधी सांगून टाकलेला बरा. नाहीतर शेवटी तुम्ही मला गरीब बिचारी म्हणाल, आणि ते मला चालणार नाही.

माझा जन्म स्कॉटलंडच्याही दक्षिणेकडच्या एका शहरात, कारखान्यात झाला. बाहेरून निळा मुलामा, आतून पांढरा. माझी चोच जोडायच्या वेळी जेवणाचा भोंगा झाला आणि जोडणाऱ्या कारागिराचं लक्ष उडालं. तेव्हापासून चोच जराशी वाकडी आहे. चहा ओतला की शेवटचा एक थेंब कपात न पडता समोरच्याच्या गुडघ्यावर पडतो. लोक याला दोष म्हणतात. मी स्वभाव म्हणते.

तिथून बोटीने मी हेल्सी बेटावर आले. स्कॉटलंडचा नकाशा वरच्या बाजूला जिथे संपतो त्याच्याही वर आमचं बेट आहे. झाड एकही नाही, कारण वाऱ्याने एकालाही उभं राहू दिलेलं नाही. आधी मी धक्क्यावर मासे खारवणाऱ्या बायकांना चहा दिला. मग मासे दुसरीकडे गेले, बायकाही गेल्या, आणि मी टेकडीवरच्या जुन्या पाद्रीबंगल्यात आले. तिथे काही ख्रिस्ती मंडळी एकत्र राहतात. एकत्र प्रार्थना करतात, बटाटे लावतात, कोंबड्या पाळतात, आणि जगाला कंटाळून आलेल्या कोणालाही जेवू घालून झोपायला खाट देतात. त्यांच्या मदतीला दर वर्षी परदेशातून एखादं तरुण माणूस वर्षभर सेवा करायला येतं. त्यांना इथे 'वर्षाची माणसं' म्हणतात. ही माणसं पहिल्या महिन्यात सारखी हसतात, दुसऱ्या महिन्यात त्यांना सर्दी होते, तिसऱ्या महिन्यात ती कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन रडतात. नाताळ उलटल्यावर ती हवामानावर कुरकुरू लागली, की रुळली असं समजायचं.

या घराचा एक नियम आहे आणि तो माझ्यावाचून चालत नाही. बायबलात सांगितलंय की सूर्य मावळेपर्यंत राग मनात ठेवू नये. सांगणाऱ्याने हेल्सीची माणसं पाहिली नव्हती. इथला माणूस एक वेळ गाय विकेल, पण मनातलं बोलणार नाही. म्हणून घराच्या जुन्या मंडळींनी तोड काढली. ज्याच्यावर राग असेल त्याला सूर्य मावळायच्या आत माझ्यातून चहा ओतून द्यायचा. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा. बोलायचं काही नाही. चहा जितका कडक तितका राग मोठा. थेंब गुडघ्यावर पडला की हिशोब मिटला.

चाळीस वर्षं हे चाललं. चाळीस वर्षांचे रुसवे, फुगवे, टोमणे माझ्या पोटातून वाहिले आणि जाताना आतल्या भिंतींवर आपला रंग सोडून गेले. माझा पांढरा मुलामा केव्हाच झाकला गेला होता. आत एक काळाभोर, गुळगुळीत, चमकदार थर बसला होता. आमची स्वयंपाकीण ग्रिझेल मला फक्त गार पाण्याने विसळायची. पाहुण्यांना ती छाती काढून सांगायची की हिच्यात नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो. मला याहून मोठं कौतुक नको होतं.

मग फ्रीडरिके आली.

ती जर्मनीहून आली, सप्टेंबरच्या बोटीने. पाठीवरची पिशवी तिच्याहून उंच, आणि अंगात पांढरी पॅन्ट. हेल्सीवर पांढरी पॅन्ट. घरातले वडीलधारे मॅन्सी, जे पूर्वी बोटीवर खलाशी होते, त्यांनी तिला स्वागताचा चहा ओतला. थेंब पडला. तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही गळते का?" तिने विचारलं.

"गळत नाही, बाळा," मॅन्सी म्हणाले. "ओळख करून घेते."

ती हसली, पण मी तिची नजर पाहिली. ती दुरुस्त करणाऱ्याची नजर होती.

वर्षाच्या माणसांना पहिल्या आठवड्यात एक आजार होतो. त्यांना उपयोगी पडायचं असतं. इथे प्रत्येक कामाला आधीच कोणीतरी असतं, त्यामुळे तो आजार फार बळावतो. त्या शनिवारी सगळी मंडळी चुलीत जाळायला दलदलीतल्या मातीची वाळलेली ढेकळं आणायला गेली आणि फ्रीडरिकेला विश्रांती घे म्हणून घरी ठेवलं. तिने खिडक्या पुसल्या. चमचे लावले. मग माझं झाकण उघडून आत पाहिलं. एवढ्या सज्जन माणसांनी इतकी वर्षं यातून चहा प्यायला, या विचाराने तिला भरून आलं.

तारेची घासणी, धुण्याचा सोडा आणि माया. मित्रांनो, यातली तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. शत्रू घासतो तेव्हा कधीतरी दमतो. ही गाणं म्हणत घासत होती. दुपारपर्यंत चाळीस वर्षं मोरीतून वाहून गेली आणि मी आतून पुन्हा कारखान्यातल्यासारखी पांढरी झाले.

संध्याकाळी मंडळी परतली. फ्रीडरिकेने झाकण काढून मला टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. सगळे एकेक करून वाकले आणि आत पाहून सरळ झाले. मॅन्सींनी टोपी काढली. ग्रिझेल बराच वेळ पाहत राहिली.

"छान," ती म्हणाली.

हेल्सीवर 'छान' हा शब्द वादळात घराचं छप्पर उडून समुद्रात पडल्यावर वापरतात. फ्रीडरिकेला हे कोण सांगणार? ती आनंदाने लाल झाली.

त्यानंतरच्या चहाला चमच्याची चव येऊ लागली. दोन-तीन दिवस लोकांनी तो देवाचं नाव घेऊन गिळला. मग कोणीतरी कपाटातून दट्ट्याचा स्टीलचा थर्मास काढला. आता ज्याने त्याने दट्ट्या दाबायचा आणि आपला आपण चहा घ्यायचा. कोणी कोणाला ओतायचं कारण उरलं नाही. माझी रवानगी खुराड्यात झाली, कोंबड्यांना पाणी ठेवायला. पहिल्याच दिवशी एका तपकिरी कोंबडीने माझ्यात पाय बुडवला आणि तसाच ठेवून विचार करत उभी राहिली. त्या क्षणी मी शपथ घेतली. ही मुलगी वर्ष पुरं करणार नाही. मी तिला बोटीने परत पाठवीन.

तुम्ही म्हणाल, किटली काय सूड घेणार? मित्रांनो, मला काहीच करावं लागलं नाही. मी जागेवर नव्हते एवढंच पुरेसं होतं. मीच जागेवर नसल्यावर ग्रिझेलचा राग ओतला जाईना. तो तिच्यातच मुरत राहिला. ती फ्रीडरिकेला ओटची भाकरी वाढायची, पण लोणी लांब ठेवायची. 'पोरी' म्हणायची बंद झाली. बाकीच्यांनी ग्रिझेलचा रंग पाहून बोलणं कमी केलं. स्वयंपाकिणीशी वैर कोण घेईल?

नियमाची आठवण मॅन्सींनी एकदा करून दिली. डिसेंबर होता आणि कितीतरी दिवस बेटावर धुकं बसलेलं होतं. ग्रिझेल खुराड्यात अंडी गोळा करत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ग्रिझेल, आज सूर्य मावळायच्या आत तुला कोणाला काही ओतायचंय का?"

"कुठला सूर्य?"

"तोच. एकच आहे."

"मी तर रविवारपासून पाहिला नाही. जो उगवलाच नाही तो मावळेल कसा?"

मॅन्सी जन्मभर समुद्रावर राहिलेले. ढगांमागे सूर्य असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्यांना रात्री ग्रिझेलच्या हातचं जेवायचंही होतं. त्यांनी बराच विचार केला.

"मुद्दा आहे," ते म्हणाले.

असा ग्रिझेलचा राग शास्त्राला धरून आणखी महिनाभर टिकला.

फ्रीडरिके रोज खुराड्यात यायची. कोंबड्यांचं काम तिच्याकडेच होतं. ती कोंबड्यांशी तिच्या भाषेत बोलायची. मला आता बरीच जर्मन येते, पण सगळी रडतानाची. तिला वाटायचं आपले उच्चार यांना आवडत नाहीत. मग वाटलं प्रार्थनेत आपण फार मोठ्याने गातो. ती हळू गाऊ लागली, पुढे नुसतेच ओठ हलवू लागली. आपण इथे कोणाला नकोसे का झालो, हे तिला कळत नव्हतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं. या ठिकाणी 'मला तिची दया आली' असं लिहायची पद्धत आहे. मला आली नाही. तिचे अश्रू माझ्यातल्या पाण्यात पडायचे आणि मी मनात म्हणायचे, अजून.

जानेवारीत तिने मॅन्सींना सांगितलं, की ती या गुरुवारच्या बोटीने घरी जाते आहे.

"छान," मॅन्सी म्हणाले.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. या वेळी तिला त्या शब्दाचा अर्थ कळला. इथे माणूस रुळलं की नाही ते खरं तर यावरूनच ओळखायचं, पण तिने पिशवी भरली होती.

गुरुवारी धुकं गेलं. समुद्राच्या कडेला संत्र्याच्या फोडीएवढा सूर्य वर आला. न्याहारीला बसलेल्या सगळ्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि मग ग्रिझेलकडे. ग्रिझेलने उठून पडदा ओढला. मॅन्सी उठले आणि त्यांनी तो परत उघडला. त्या दोघांत एवढं मोठं भांडण कोणी कधी पाहिलेलं नव्हतं, असं नंतर सगळे सांगत होते.

थोड्या वेळाने ग्रिझेल गमबूट घालून खुराड्यात आली. फ्रीडरिके तीच पांढरी पॅन्ट घालून कोंबड्यांचा निरोप घेत होती. ग्रिझेलने मला उचललं, पाणी फेकलं, आतलं पीस काढलं आणि म्हणाली, "चल."

स्वयंपाकघरात तिने मला चुलीवर ठेवलं. मुठीने पत्ती टाकली. खिडकीजवळच्या बाकावर फ्रीडरिकेला बसवलं आणि ओतलं. मी चार महिने नेम धरून बसले होते. थेंब कढत होता आणि तो त्याच गुडघ्यावर, त्याच जागी पडला. फ्रीडरिके कळवळली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण आहे, आणि मी तो लपवणार नाही.

तिने सगळा चहा प्यायला. मग ग्रिझेलने असं काही केलं जे रागाचा चहा देताना या घरात कधी झालं नव्हतं. ती बोलली.

"तू माझी किटली घासलीस."

"ती घाण होती," फ्रीडरिके म्हणाली.

"घाण नव्हती ती. इथल्या माणसांना एकमेकांना जे तोंडाने सांगता आलं नाही, ते होतं सगळं."

आता फ्रीडरिकेचाही आवाज चढला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तुम्ही तर छान म्हणालात."

"छान म्हणाले. याहून मोठी शिवी मला येत नाही."

फ्रीडरिकेने माझी मूठ धरली, ग्रिझेलपुढे कप सरकवला आणि काठोकाठ ओतला. तिचाही राग होता, आणि सूर्य अजून होता. ग्रिझेलने तिच्याकडे पाहिलं, कप उचलला आणि थेंबही न ठेवता रिकामा केला.

"वाईट आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "कोंबडीची चव येते. आता ऐक, पोरी. जेवढं घासून काढलंस तेवढं परत चढवायचं. रोज इथे माझ्यासमोर बसून. तुझा तो पुदिन्याच्या पाल्याचा काढा नाही, काळा चहा."

"किती दिवस?"

"आतलं पांढरं दिसेनासं होईपर्यंत."

"ते तर माझ्या वर्षात होणार नाही."

"मग लवकर सुरुवात केलेली बरी."

धक्क्यावर बोटीने भोंगा दिला. फ्रीडरिके खिडकीतून बोटीकडे पाहत राहिली. मग तिने कप पुढे केला. बोट तिच्यावाचून गेली.

मला वाटलं, ग्रिझेलने माझा सूड हिरावून घेतला. मुलगी जाणार होती आणि हिने ठेवून घेतली. पण काही दिवसांत लक्षात आलं की तिचा सूड माझ्याहून सरस आहे. पुदिन्याचा काढा पिणाऱ्या त्या मुलीला रोज डांबरासारखा चहा प्यावा लागे आणि तिचा चेहरा पाहायला मी समोरच असे. थर्मास खुराड्यात गेला. तपकिरी कोंबडी त्याच्या दट्ट्यावर उभी राहते, असं ऐकते.

जूनमध्ये इथे सूर्य मावळायचं नाव घेत नाही. तो जेमतेम समुद्राला टेकतो आणि परत वर येतो. त्यामुळे सगळं घर त्या महिन्यात ऐसपैस रुसून घेतं. फ्रीडरिकेने मॅन्सींशी कोणतं भजन गायचं यावरून भांडण काढलं आणि ते मावळतीपर्यंत, म्हणजे मध्यरात्रीच्या जवळपास, मजेत पुरवलं. ती आता मोठ्याने गात होती. मॅन्सींच्या मते फारच मोठ्याने.

सप्टेंबरात तिचं वर्ष संपलं. जायच्या दिवशी तिने माझं झाकण उघडून आत पाहिलं. पातळ चहाच्या रंगाची एक झाक चढली होती, बस. ती नखाने खरवडून पाहणार तोच ग्रिझेलने तिच्या हातावर चापट मारली. मग फ्रीडरिकेने गुडघा पुढे केला. पांढऱ्या पॅन्टवर माझा तपकिरी डाग तसाच होता. जानेवारीपासून तिने तो धुतला नव्हता.

"आई पाहील तर फेकून देईल," ती म्हणाली.

"देऊ दे," ग्रिझेल म्हणाली. "तू तिला छान म्हण."

त्याच बोटीतून नवा 'वर्षाचा माणूस' उतरला. पहिल्याच दिवशी त्याने घासणी कुठे असते ते विचारलं. मी सध्या सर्वांत वरच्या फळीवर असते.

मित्रांनो, कोणाच्या घरी सेवा करायला जाल तेव्हा कोणतीही वस्तू चकचकीत करण्याआधी तिला इतकं काळं व्हायला किती माणसं लागली ते विचारा. आणि घरच्यांनी छान म्हटलं तर पुन्हा एकदा विचारा.

मी फ्रीडरिकेला माफ केलं का, असं मला खुराड्यापासून प्रार्थनेच्या खोलीपर्यंत सगळे विचारतात. नियम मला माहीत आहे. सूर्य मावळेपर्यंतच राग ठेवता येतो. पण माझं झाकण घट्ट बसतं. आत सूर्य कधी उगवत नाही, त्यामुळे मावळतही नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती भेटायला येणार आहे म्हणतात.

येऊ दे. पॅन्ट तेवढी पांढरी घालून येऊ दे.